जुनी छंदाची मासिकं: कागद ठेवायचा की स्कॅन, आणि कुठलं काम कुठल्या क्रमानं

माळ्यावरून जुन्या मासिकांचा गठ्ठा खाली निघाला की घरोघरी दोनपैकी एक गोष्ट होते. कुणीतरी म्हणतं "फोनवर स्कॅन कर आणि घाल रद्दीत", नाहीतर कुणीतरी म्हणतं "राहू दे, बाबांचे आहेत", आणि गठ्ठा सुतळीसकट परत माळ्यावर. मासिकं दोन्हीत जातात. पहिल्यात लगेच जातात, दुसऱ्यात आठदहा पावसाळ्यांनी.

पहिला प्रकार मी स्वतः केलाय म्हणून सांगतो. ऐंशीच्या दशकातले इलेक्ट्रॉनिक्सचे चाळीसेक अंक, २०० डीपीआय (म्हणजे इंचाला २०० ठिपके), ब्लॅक अँड व्हाइट, आणि वर "डाग काढा"चं बटण चालू. पानं कशी चकाचक आली होती! कागद रद्दीत गेला. दोनेक वर्षांनी एक टायमर सर्किट बनवायला घेतलं तर दोन वायरी जिथे जोडल्यात ते दाखवणारं काळं टिंब असतं ना, ती टिंबंच पानावर नाहीत. सॉफ्टवेअरला ती धूळ वाटली. दशांशाचं टिंबही गेलेलं, म्हणून ४.७ के (किलो-ओहम) च्या रेझिस्टरचा ४७ के झालेला. विचारायला कागदही नाही. त्यामुळे खाली मी टिंबाबद्दल जरा जास्तच बोलेन, समजून घ्या.

हे सगळं इलेक्ट्रॉनिक्ससाठीच आहे असं नाही. विणकाम-भरतकामाचे अंक, शिवणाचे घडी घातलेले नमुने, विज्ञानाची मासिकं, क्रिकेटची पाक्षिकं, दिवाळी अंकांतले छंद विशेष, सगळ्यांना क्रम हाच लागू.

तयारी: आधी सामान गोळा करा

गठ्ठा सोडायच्या आधी हे जवळ असू द्या, नाहीतर पानं उघडी टाकून दुकानात पळावं लागतं आणि तेवढ्यात कुणीतरी पंखा लावतं.

एन-९५ मास्क, मऊ रुंद ब्रश (रंगकामाचा नवा चालेल), बोथट पातळ सुरी, साधा पांढरा टीपकागद, काळा कार्डपेपर, १५ सेंटिमीटरची पारदर्शक पट्टी, मऊ शिसाची पेन्सिल, पांढरा सुती दोरा आणि सुई. दोनचार मीटर मांजरपाट, पण तो आधी गरम पाण्यात धुऊन त्याची खळ पूर्ण काढा, कारण सिल्व्हरफिशला आणि कसरीला खळ फार आवडते. एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक घ्या, ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतो आणि या सगळ्या यादीत सगळ्यात उपयोगी तोच आहे.

हातमोजे नकोत. कापडी मोज्यांत बोटांना पानाची कड कळत नाही आणि कड फाटते. स्वच्छ धुतलेले, कोरडे हात पुरतात, फक्त क्रीम लावलेलं नको.

टप्पा १: वेगळं ठेवा आणि वाळवा

माळ्यावरचा गठ्ठा थेट पुस्तकांच्या कपाटात नेऊ नका. निदान दोन आठवडे तो घरातल्या बाकीच्या कागदांपासून लांब ठेवायचा, पांढऱ्या कापडावर. पांढऱ्यावर का, तर किडे चालू असतील तर खाली बारीक भुसा किंवा कण पडलेले दिसतात.

आर्द्रतामापक गठ्ठ्याच्या शेजारी ठेवा. कागदाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, ६५ च्या वर गेली की बुरशीला आमंत्रण. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये हा आकडा ८५-९० सहज दाखवतो, म्हणून हे काम पावसाळ्यात सुरूच करू नका. नोव्हेंबर ते मार्च उत्तम. नागपूरकडच्या लोकांना उलटी अडचण, मे महिन्यात हवा एवढी कोरडी की जुना कागद घडीवर कडकन तुटतो.

ओलसर असतील तर अंक उभे करून पानं पंख्यासारखी थोडी पसरायची आणि खोलीतला पंखा दुसऱ्या दिशेला वळवून ठेवायचा. उन्हात नाही. "जरा ऊन दाखवू" हे गाद्यांना ठीक, पण वर्तमानपत्री कागदात लिग्निन (लाकडातला एक घटक) भरपूर असतं, ते उन्हानं झपाट्यानं पिवळं पडतं आणि कागद वाळतो म्हणजे अक्षरशः पापड होतो.

सावधान: आर्ट पेपरची, म्हणजे गुळगुळीत चकचकीत पानांची गोष्ट वेगळी. त्यावर चिनी मातीचा थर असतो. ती पानं भिजली आणि एकमेकांवर दाबलेली तशीच वाळली तर त्यांची वीट होते आणि मग ती कुणाच्याच्यानं सुटत नाही. ती ओली असतानाच सोडवायची, दोन पानांत टीपकागद घालून. एका दिवसात जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये टाका, वेळ मिळेल तसे थोडे थोडे काढा. चिपळूणच्या २०२१ च्या पुरासारख्या वेळी हे माहीत असलेलं बरं, कारण पहिल्या दोन दिवसांत जे होतं ते होतं.

बुरशी दिसली तर ओली असताना पुसायची नाही, पसरते आणि कागदात मुरते. आधी पूर्ण वाळू द्या, मग गच्चीत किंवा गॅलरीत, मास्क लावून, ब्रशनं स्वतःपासून लांब झटका. दमा असेल तर हे काम दुसऱ्याला द्या, खरंच.

जिवंत किडे असतील तर: अंक पूर्ण कोरडा झाल्यावर पिशवीत घालून हवा काढून घट्ट बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका. पूर्ण एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड कागदावर हवेतलं पाणी सुटतं आणि केलेलं सगळं वाया. एका दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी टिकत नाही, तो धरू नका.

तपासा: दोन आठवड्यांनी कापडावर नवीन भुसा नाही, कुबट वास कमी झालाय, मापक ६० च्या खाली आहे. मगच पुढे.

टप्पा २: यादी करा आणि तिथेच ठरवा

हा टप्पा सगळे गाळतात. यादीशिवाय स्कॅनिंग सुरू केलं की तिसऱ्या दिवशी कुठला अंक झाला आणि कुठला राहिला ते कळत नाही, मग एकच अंक दोनदा होतो आणि एक राहूनच जातो.

साधी एक्सेल शीट करा: मासिक, वर्ष, महिना, छापील पानं, प्रत्यक्षात असलेली पानं, कागदाचा प्रकार, अवस्था, आत काही सुटं आहे का. शेवटचा रकाना महत्त्वाचा, कारण छंदाच्या मासिकांत मधली पोस्टरं, घडीचे नमुने, कूपनं, वर्गणीचे फॉर्म असलं काय काय असतं आणि पहिल्यांदा तेच हरवतं.

मग प्रत्येक अंकापुढे चारांतलं एक लिहा: फक्त कागद, फक्त स्कॅन, दोन्ही, काहीच नाही. मी असं ठरवतो:

स्वस्त वर्तमानपत्री कागद, कड हाताला लागली की तुकडा पडतो, तर स्कॅन आधी आणि लवकर. असा कागद सांभाळून फार तर सावकाश मरतो. त्यातलं आम्ल त्याच्या आतच आहे, बाहेरून कितीही जपा.

चांगला कागद, रंगीत छपाई, वापरातले नमुने असतील तर दोन्ही.

समासात पेन्सिलीनं कुणी काही लिहिलंय, म्हणजे "हा ट्रान्झिस्टर मिळत नाही, बीसी ५४८ टाकला, चालला" असं, किंवा आजीनं विणीच्या तक्त्याशेजारी टाके मोजलेत, तर तो अंक कितीही फाटका असो, दोन्ही. छापील भाग दुसऱ्या कुणाकडे असेल, ते पेन्सिलीचं फक्त तुमच्याकडे आहे.

आणि फक्त कागद कधी? आधी शोधून बघा की ते कुणी आधीच नीट केलंय का. बालभारतीच्या "किशोर"चे जुने अंक त्यांनीच स्कॅन करून फुकट वाचायला ठेवलेत, ते तुम्ही फोननं परत कशाला करताय? तिथे तुमचा कागद तेवढा सांभाळा.

टप्पा ३: पिना, टेप, रबर

सुतळी आणि रबरबँड पहिल्यांदा काढा. रबर वितळून चिकटलं असेल तर ओढू नका, तो अंक अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा (पिशवीत), रबर कडक होतं आणि टवका उडतो.

गंजलेल्या पिना काढायच्या म्हणजे समोरून उपसायच्या नाहीत. अंक मधोमध उघडा, पिनेचे वाकवलेले दोन पाय दिसतील. त्यांच्याखाली बोथट सुरी घालून एक एक पाय सरळ उभा करा, मग अंक उलटा करून पाठीकडून पिन अलगद ओढा. ऑफिसमधला पिन रिमूव्हर वापरलात तर पाठीचा कागद पिनेबरोबर येतो. पाय फारच गंजला असेल तर तो आपणहून तुटतो, तुटू द्या. गंजाचा तांबडा डाग निघत नाही, त्याच्या मागे लागू नका.

पिन काढल्याचा दुसरा फायदा असा की पानं सपाट होतात आणि स्कॅन सरळ येतो. म्हणूनच हा टप्पा स्कॅनच्या आधी आहे, नंतर नाही. दोनदा हाताळणी कशाला.

वर्षाचे अंक बायंडरकडून बांधून घेतलेले असतील तर मात्र बांधणी फोडायची घाई करू नका. जुजबंदी शिलाई (पानांचे छोटे गठ्ठे दोऱ्यानं शिवलेली) चांगली असेल तर ती तशीच राहू द्या, खंड हवा तेवढाच उघडा आणि कॅमेऱ्यानं करा.

सावधान: फाटलेल्या पानाला सेलोटेप नाही. कधीच नाही. दहा वर्षांत ती पिवळी पडून सुटते आणि डिंक कागदातच राहतो. लॅमिनेशन त्याहून वाईट, आतलं आम्ल आतच कोंडलं जातं आणि गरम प्लास्टिक काढता येत नाही. फाटलेलं पान दोन टीपकागदांत सपाट ठेवा, बस. चिकटवायचंच असेल तर पातळ जपानी कागद आणि साधी शिजवलेली गव्हाच्या सत्त्वाची खळ. बायंडरकडे दिलंत तर त्याला स्पष्ट सांगा की खळीत मोरचूद घालू नको. किडे लागू नयेत म्हणून ते घालायची पद्धत आहे, पण मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार आणि तांब्यानं कागद लवकर ठिसूळ होतो.

टप्पा ४: यंत्र आणि सेटिंग

फ्लॅटबेड स्कॅनर दोन प्रकारचे येतात. सीआयएस, म्हणजे पातळ, हलके, यूएसबीवरच चालणारे, आणि सीसीडी, म्हणजे जाड, वेगळा अडॅप्टर लागणारे. सीआयएसला काचेपासून जरा वर उचललेलं पान पुसट दिसतं. सुट्या सपाट पानांना कुठलाही चालेल, पण शिवणीजवळ फुगणाऱ्या पानांना सीसीडीच घ्या.

कागद वरून ओढून घेणारा फीडर जुन्या अंकांना लावू नका. एका पानाचा चुरा झाला की कळतं का ते.

फोन चालतो का? चालतो, पण हिशोब करा. १२ मेगापिक्सेल फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० पिक्सेल, ए-४ पान चौकटीत काठोकाठ बसवलं तरी साधारण ३४० डीपीआय, आणि काठोकाठ कधी बसत नाही, म्हणजे ३०० धरा. मजकुराला पुरतं. बारीक सर्किटला किंवा क्रोशाच्या तक्त्याला कमी पडतं. फोन स्टँडवर, पानाला समांतर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात दोन सारखे दिवे, ट्यूबलाइट बंद. स्कॅनिंगची ॲपं बऱ्याचदा पान "सुंदर" करतात आणि फाइल लहान करायला भरपूर दाबतात (कॉम्प्रेस करतात), त्यापेक्षा साधा कॅमेरा बरा.

सेटिंग माझी अशी आहेत: मजकुराची पानं ४०० डीपीआय, बारीक आकृत्या आणि रंगीत मुखपृष्ठं ६००. सगळं २४ बिट रंगीत, काळ्या-पांढऱ्या पानांसकट. कारण पान आता पांढरं नाही, ते चहाच्या रंगाचं आहे, आणि करड्यात केलं की पेन्सिलीची नोंद आणि पिवळेपणा एकच होऊन जातात. फाइल टिफ, एलझेडडब्ल्यू दाबणी चालू, त्यात काही हरवत नाही.

जागेचा अंदाज: ए-४, ४०० डीपीआय, रंगीत म्हणजे न दाबता साधारण ४६ एमबी. ६४ पानांचा अंक जवळजवळ ३ जीबी. शंभर अंक ३०० जीबी. ऐकून घाबरायला होतं पण १ टीबीच्या डिस्कमध्ये आरामात मावतं, आणि स्कॅन परत करण्यापेक्षा डिस्क केव्हाही स्वस्त.

आता बंद करायची बटणं. ऑटो-कॉन्ट्रास्ट बंद. शार्पन बंद. ऑटो-क्रॉप बंद, तो तळाचा पान क्रमांक कापतो. आणि "धूळ काढा", "डाग काढा", "डीस्पेकल", जे काही नाव असेल ते बंद बंद बंद. इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्यानं जोडाचं टिंब आणि दशांश चिन्ह जातं ते वर सांगितलंच, पण मराठीत तर प्रत्येक ओळीवर अनुस्वार आहेत! "चिंच"ची "चिच" होते. जुन्या खिळ्यांच्या छपाईत अनुस्वार आधीच बारीक आणि अर्धवट उठलेला असतो, यंत्राला तो माशीची घाण वाटतो.

टप्पा ५: प्रत्यक्ष स्कॅन

१. काच कोरड्या मऊ कापडानं पुसा, दर दहा पानांनी परत. जुना कागद भुगा सोडतो आणि काचेवरचा एक कण पुढच्या सगळ्या पानांवर उभी रेघ किंवा ठिपका देतो.

२. पहिल्या स्कॅनमध्ये मुखपृष्ठाशेजारी ती १५ सेंटिमीटरची पट्टी ठेवा. का ते पुढे.

३. पानामागे काळा कार्डपेपर. पातळ कागदातून मागची छपाई दिसते ती यानं खूपच कमी होते. लोक झाकणाच्या पांढऱ्या बाजूवर करतात आणि मग सॉफ्टवेअरशी झटापट करत बसतात.

४. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत सगळं. जाहिराती पण. कोरं पान असेल तर कोरं पान पण. जाहिराती गाळायचा मोह होतो, पण मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत त्या काळी कुठला भाग केवढ्याला मिळत होता हे लेखात नसतं, जाहिरातीत असतं. लोकरीच्या जाहिरातीत लोकरीचा नंबर असतो, जो नमुन्यात द्यायला संपादक विसरलेले असतात.

५. झाकण जोरात दाबू नका. फुगलेल्या पानावर जाड पुस्तक ठेवा.

६. घडीचा नमुना मोठा असेल तर तुकड्यांत करा, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर दोन बोटं चढू द्या, नंतर जोडता येतो.

फाइलचं नाव त्याच वेळी द्या. आधी मासिकाचं छोटं नाव, मग वर्ष, महिना, पान: १९८४-११-०२३ असा क्रम. वर्ष पुढे ठेवलं की आपोआप ओळीनं लागतात. अक्षरं आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरचेच वापरा, जुन्या डिस्कवर देवनागरी नावांची कधी कधी भुतं होतात. मुखपृष्ठ ०००, आणि पान क्रमांक छापलेलाच द्या, स्कॅनरनं मोजलेला नाही.

टप्पा ६: तपासणी (कागद अजून टेबलावर असतानाच)

अंक संपला की लगेच, उद्या नाही.

फाइली मोजा आणि यादीतल्या पानांशी ताडा. दोन पानं एकदम उलटली जाणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. मग दर दहावं पान आणि प्रत्येक आकृतीचं पान शंभर टक्के आकारात उघडा. सगळ्यात बारीक अक्षर शोधा आणि कागदाशेजारी धरून वाचा. अनुस्वार आहेत? दशांश आहे? दोन रेघा ओलांडतात तिथे टिंब आहे की नाही, जसं कागदावर तसं?

आता पट्टी. तो पहिला स्कॅन "अ‍ॅक्चुअल साइज" लावून प्रिंट करा आणि छापलेली पट्टी खऱ्या पट्टीशेजारी धरा. १० सेंटिमीटर १० च भरले पाहिजेत. प्रिंटरचं "फिट टू पेज" पान गुपचूप लहान करतं आणि तीन टक्के फरक डोळ्याला कळत नाही. पण ४० पायांच्या आयसीमध्ये (चिपमध्ये) एका रांगेत पहिल्या ते विसाव्या पायाचं अंतर ४८.२६ मिलिमीटर असतं, तीन टक्क्यांत ते जवळजवळ दीड मिलिमीटर कमी होतं आणि त्या मापानं बनवलेल्या पीसीबीच्या (सर्किट बोर्डच्या) भोकांत आयसी बसत नाही. शिवणाच्या नमुन्यात हाच फरक बाहीत निघतो, आणि तिथे दोष शिवणाऱ्यावर येतो.

सावधान: ही तपासणी झाल्याशिवाय पुढच्या अंकाला हात लावू नका. चाळीस अंक करून मग तपासू म्हणणारा माणूस तपासत नाही. (मी.)

टप्पा ७: वाचायची प्रत

मूळ टिफ फाइलींना हात लावायचा नाही, त्या "मूळ" फोल्डरमध्ये, रीड ओन्ली करून. त्यांची कॉपी घ्या आणि त्या कॉपीवर काय ते करा: सरळ करणं, कडा कापणं, पिवळेपणा थोडा कमी करणं. स्कॅनटेलर हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि या कामाला छान, फक्त त्यातलं डीस्पेकल आपण होऊन लागतं ते शून्यावर आणा. रंगीत मुखपृष्ठावर जाळीदार लाटा दिसत असतील तर त्या छपाईच्या ठिपक्यांमुळे. ६०० वरून ३०० वर लहान करताना हलकं ब्लर दिलं की जातात.

पीडीएफ करताना एक धोका असा आहे जो दिसत नाही. काळ्या-पांढऱ्या पानांसाठी जेबिग-२ नावाची दाबणी असते, तिचा नुकसान करणारा प्रकार सारखी दिसणारी अक्षरं एकच समजून एकाच्या जागी दुसरं छापतो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानं दाखवून दिलं होतं की झेरॉक्सच्या काही ऑफिस मशीन्समध्ये स्कॅन केलेल्या कागदावर ६ चा ८ होतोय, आणि आकडा एकदम सुबक, पुसट बिसट नाही. पुसट आकड्यावर आपण शंका घेतो, सुबक चुकीवर घेत नाही. तेव्हा "सर्वात लहान फाइल" हा पर्याय निवडूच नका. चांगल्या दर्जाचा जेपेग घालून पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपायच्या फाइलींसाठीचा पीडीएफचा प्रकार) करा, अंक ४०-५० एमबीचा झाला तरी होऊ दे.

ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, शेवटी. त्यासाठीच्या टेसरॅक्ट या प्रोग्रॅममध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा एकदम लावा, कारण या मासिकांत एका वाक्यात दोन्ही असतात. जुन्या टाइपातली जोडाक्षरं चुकणारच. म्हणून ओसीआरचा मजकूर चित्रामागे लपलेला थर म्हणून ठेवायचा, शोधण्यापुरता. चित्र काढून टाकून नुसता मजकूर ठेवायचा नाही. "टायमर" शोधल्यावर पाच अंकांतले तीन सापडले तरी खूप झालं.

टप्पा ८: प्रती कुठे कुठे

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर. म्हणजे कॉम्प्युटरवर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, आणि तिसरी क्लाउडवर किंवा पुण्यातली डिस्क नाशिकच्या बहिणीकडे. पेन ड्राइव्हला प्रत म्हणत नाहीत. घरी बर्न केलेल्या (लिहिलेल्या) डीव्हीडीला तर मी आता काहीच म्हणत नाही, माझ्या २००६ च्या निम्म्या डीव्हीडी वाचत नाहीत. एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं वीज न देता ठेवायची वस्तू नाही, कपाटासाठी आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्कच.

प्रत्येक फोल्डरची चेकसम यादी (चेकसम म्हणजे फाइलीवरून काढलेला आकडा, फाइल बदलली की तोही बदलतो) करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. फुकटची साधी प्रोग्रॅम्स आहेत, एका क्लिकवर होतं. पुढच्या वर्षी परत चालवलं की कुठली फाइल आतून सडली ते कळतं, उघडून बघून कळत नाही.

आणि व्हॉट्सॲपवर स्कॅन "फोटो" म्हणून पाठवला की तो दाबला जातो, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून. ग्रुपवरून परत डाउनलोड केलेली फाइल आपली मूळ प्रत आहे असं समजणारे लोक मी बघितलेत.

टप्पा ९: कागद परत शिवा आणि ठेवा

जुन्या पिनेच्याच भोकांतून सुती दोरा घालून आतल्या बाजूला सैलसर गाठ. घट्ट ओढलं की दोरा कागद कापतो. नवी स्टीलची पिन मारू नका, ती पण गंजते, कोकणात तर दोन वर्षांत.

पातळ अंक आडवे, एकावर एक, वीतभर उंचीपेक्षा जास्त नाही. जड खालचा, हलका वरचा. उभे ठेवायचे तर खोक्यात, दोन्ही बाजूंनी आधार देऊन, नाहीतर कललेला अंक महिन्याभरात धनुष्य होतो. अ‍ॅसिड-फ्री खोकी महाग आहेत, परवडली तर जुन्या आणि दुर्मिळ अंकांपुरती घ्या. बाकीच्यांना धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा, पूर्वी पोथ्या बांधायचे तसं. कापड श्वास घेतं. प्लास्टिकची पिशवी लावायचीच तर पॉलिप्रॉपिलीनची. जी नवीन असताना उग्र वास मारते ती पीव्हीसी, ती नको.

जागा: माळा नाही, स्लॅबखाली उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. पलंगाखाली नाही. बाथरूमला लागून असलेली भिंत नाही, बाहेरची भिंत नाही. आतल्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं स्टीलचं कपाट, सगळ्यात खालचा कप्पा रिकामा. आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. जेल नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवलं की परत चालतं. न तापवता वर्षभर तेच पाकीट ठेवणं म्हणजे वाळूची पुडी ठेवण्यासारखं.

डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ कागदाला आणि तुमच्या छातीला दोघांनाही चांगली नाही. वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात टांगली तर हरकत नाही, पण कागदाला टेकवू नका. कडुलिंबाचा ओला पाला पानांत घालणारे आहेत, तो पाला म्हणजे सरळ ओलावा आत नेणं.

टप्पा १०: रद्दी, देणगी आणि दुसऱ्यांना देणं

रद्दीत द्यायचा अंक निदान एक वर्ष खोक्यात थांबू द्या. या वर्षात तुम्ही तो स्कॅन खरोखर वापरा, एखादं सर्किट बनवा, एखादा स्वेटर विणा. कामात आलेला स्कॅनच तपासलेला स्कॅन. वाचनालयाला द्यायचे असतील तर आधी फोन करून यादी पाठवा, न विचारता दारात पोती ठेवली तर ते पण शेवटी रद्दीतच देणार, त्यांच्याकडे तरी जागा कुठे आहे.

स्कॅन सगळ्यांसाठी नेटवर टाकायचा असेल तर थांबा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, निनावी लेखनाला प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातलं जवळजवळ सगळं अजून हक्कात आहे, मासिक बंद पडलं असलं तरी. स्वतःच्या वापरासाठी प्रत ठेवणं वेगळं आणि सगळा अंक जाहीर चढवणं वेगळं. प्रकाशक किंवा त्यांचे वारस सापडत असतील तर विचारा. विचारलं की बऱ्याचदा हो म्हणतात, कधी कधी त्यांच्याकडेच तो अंक नसतो आणि ते तुमच्याकडे मागतात.

वर्षातून दोनदा कपाट उघडायचं ठरवून टाका. एकदा मे अखेरीस, पावसाच्या आधी जेल तापवायला. दुसऱ्यांदा दिवाळीच्या साफसफाईत, कापडं झटकून, भुसा बघून, मापकाचा आकडा टिपून, त्याच दिवशी डिस्क जोडून चेकसम चालवायचं. यादीची एक प्रिंट, त्यात कुठली डिस्क कुणाकडे आहे तेही लिहून, कपाटाच्या दाराला आतून लावा. सेलोटेपनं नको, कपाट स्टीलचं आहे, दोन चुंबक पुरतात.